चिऊ, अथेन्सच्या त्या सेबरवाल्याबद्दल

चिऊ,

फोन उचलत नाहीयेस म्हणून लिहितेय. रागावलेली नाहीये मी. बोलावंसं वाटेल तेव्हा बोल, पण हे वाच मात्र.

रविवारची तुझी तलवारबाजीची स्पर्धा डोक्यातून जातच नाहीये. पूलमधल्या, म्हणजे गटातल्या, पहिल्या दोन्ही बाउट (लढती) तू जिंकलीस, दुसरी तर 5-1, मी वर बसून आजीला फोनवर सांगतेय आणि तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, मग दीपप्रज्वलन, हार, नारळ, भाषण, आणि त्यानंतर माइकवरून सांगितलं की आता पाहुण्यांसमोर पहिल्यापासून सुरू करतोय, आधीच्या बाउट धरणार नाही. पाऊण तास तू मास्क हातात घेऊन नुसती उभी होतीस, अंग पार गार पडलं असणार. मग त्याच मुलींकडून हरलीस. आणि मी काय केलं, तर पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या. सरांनी विचारलं होतं लेखी तक्रार करायची का, मीच म्हटलं जाऊ दे, पुढच्या सिलेक्शनला कुणी डूख धरायला नको. माझं चुकलं, बाळा. तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस ते मी पाहिलं होतं.

रात्री झोप येईना म्हणून सेबरच्या, म्हणजे तुझ्या तलवारीच्या प्रकाराच्या, जुन्या स्पर्धांबद्दल वाचत बसले. आणि अगदी तुझ्यासारखंच सापडलं, तेही कुठे, तर 1896 ला अथेन्सच्या पहिल्या ऑलिम्पिकमध्ये. तारीख 9 एप्रिल, जागा झाप्पेयॉन नावाची मोठी इमारत. खेळाडू किती, तर फक्त पाच! तीन ग्रीक, एक डेन्मार्कचा होल्गर नील्सन आणि एक ऑस्ट्रियाचा आडोल्फ श्माल. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, बाउट तीन टचची, म्हणजे ज्याची तलवार समोरच्याला आधी तीनदा लागेल तो जिंकला. तुमच्यासारखं विजेचं लामे जॅकेट, बॉडी वायर, टच लागला की पेटणारे लाल-हिरवे दिवे काहीच नाही, टच लागला का ते माणसांनी डोळ्यांनी बघून ठरवायचं. ऑलिम्पिकच्या सेबरमध्ये ते दिव्यांचं मशीन थेट 1992 ला बार्सिलोनात आलं बघ. म्हणजे 96 वर्षं सगळा कारभार नजरेवर. तुमच्या वेगात काय दिसत असेल गं कुणाला? मला तर दिवे लागूनसुद्धा कळत नाही टच कुणाचा.

तर हा श्माल, वय 23. सुरुवातीच्या दोन बाउट जिंकून बसला होता. आणि मग ग्रीसचे राजेसाहेब, पहिले जॉर्ज, कुटुंबासकट आले, आणि त्यांना पहिल्यापासून बघता यावं म्हणून झालेल्या बाउट रद्द करून स्पर्धा नव्याने सुरू केली. हे वाचून मी उठून बसले. म्हटलं 1896 लाही हेच! पुन्हा खेळल्यावर श्माल एकच बाउट जिंकला, शेवटच्या आलेल्या यात्रिदिसविरुद्धची, आणि चौथा आला. पहिला आला इओआनिस जॉर्जियादिस, चारपैकी चार जिंकून. आता तो कमी होता असं मुळीच नाही, 20 वर्षांचा पोरगा, दहा वर्षांनी 1906 च्या अथेन्सच्या स्पर्धेत परत सेबरच जिंकला, पुढे मेडिकलचा प्रोफेसर झाला. पण श्मालच्या त्या दोन बाउट कुणाच्याच खात्यात नाहीत. आपल्याला माहीत असलेला निकाल दुसऱ्या खेपेचा आहे. (दुसरा काराकालोस, तिसरा नील्सन. तेव्हा तिसऱ्याला काहीच द्यायचे नाहीत, आणि पहिल्याला मेडल मिळायचं ते चांदीचं. याच नील्सनने पुढे हँडबॉलचे नियम लिहिले.)

मला जास्त लागलं ते पुढचं. हा श्माल सायकलवालाही होता. सेबरनंतर दोनच दिवसांनी, 11 तारखेला, ट्रॅकवरच्या दोन रेसमध्ये तिसरा आला. आणि 13 तारखेला बारा तासांची रेस, पहाटे पाचला सुरू, 333 मीटरचा ट्रॅक, गोल गोल गोल फिरायचं. सात जण निघाले, शेवटपर्यंत दोघंच टिकले, आणि श्माल जवळजवळ 315 किलोमीटर चालवून दुसऱ्यापेक्षा एकाच फेरीने पुढे राहून जिंकला. म्हणजे 9 तारखेला जिंकलेल्या बाउट पुसल्या गेल्या आणि चार दिवसांनी हा माणूस संध्याकाळी पाचपर्यंत सायकलवर. त्या बारा तासांत त्याच्या डोक्यात काय चाललं असेल याचाच विचार करतेय मी दोन दिवस. सायकलच्या त्या विजयाने सेबरचा हिशोब चुकता झाला असं मला तरी वाटत नाही गं. त्या दोन बाउट त्याच्याच होत्या. तुझ्याही दोन तुझ्याच आहेत, तो 5-1 मी डायरीत लिहून ठेवलाय, तारखेसकट.

आणि हो, त्या 1896 च्या ऑलिम्पिकमध्ये एकही बाई नव्हती. बायकांचं सेबर ऑलिम्पिकमध्ये आलं 2004 ला, आणि तेही परत अथेन्समध्येच! तुझी लाडकी भवानी देवी, आपली भारताची सेबर खेळाडू, टोकियो ऑलिम्पिकला 15-3 ने पहिली मॅच जिंकली तेव्हा त्या गोष्टीला जेमतेम सतरा वर्षं झाली होती. तेव्हा तू सोफ्यावर उभी राहून लाटण्याने लंज मारत होतीस, पुढे झेपावून वार करत, आठवतंय?

बरं, मुख्य सांगायचं ते हे. मी तक्रारीचा अर्ज लिहिलाय. एकच पान आहे. किती वाजता सुरू झालं, कोणत्या दोन बाउट झाल्या, स्कोअर काय, किती वेळ थांबवलं आणि कोणत्या नियमाने रद्द केल्या ते लेखी द्या, एवढंच विचारलंय. निकाल बदलणार नाही हे मलाही कळतं. सरांना दाखवला, ते सही करायला तयार आहेत. पण बाउट तुझ्या, म्हणून तुला विचारल्याशिवाय पाठवणार नाहीये. नको म्हणालीस तर फाडून टाकेन, परत विषय काढणार नाही.

सोबत नवीन ग्लोव्ह पाठवतेय, जुन्याची शिवण अंगठ्याजवळ उसवलीये. बाबांनी चिवडा दिलाय, रूममधल्या मुलींनाही दे.

पाठवू का अर्ज? हो किंवा नाही, एवढंच कळव.

आई