वतनाचा प्रश्न आणि संपादक आंबेडकर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी एप्रिलमध्ये जयंतीच्या सभांतून एक मांडणी कानी पडते : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आधी पत्रकार होते, मग चळवळीत उतरले आणि शेवटी राजकारणात गेले. ऐकायला ती सोपी वाटते, पण तारखांशी जुळत नाही. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तरी ती अशी सांगितली जाऊ नये, असे मला तळमळीने वाटते.

बाबासाहेबांचे पहिले वृत्तपत्र ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, त्यासाठी महाराजांनी २,५०० रुपये दिले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची अस्पृश्यांची परिषद भरली, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. माझा मुद्दा १९२७ सालाचा आहे. त्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य म्हणून शपथ घेतली, २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक काढला. म्हणजे कायदेमंडळात जागा मिळाल्यावरही त्यांना वृत्तपत्राची गरज वाटली; उलट ती अधिक वाटली असावी. हाताशी पैसा नाही, लिहिणारे सहकारी नाहीत, अशा स्थितीत अंकाचे २४-२४ रकाने ते एकट्याने लिहीत.

त्या रकान्यांतून त्यांनी काय लिहिले, ते महार वतनाच्या प्रश्नावरून नीट कळते. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या आणि गावच्या बलुत्याच्या बदल्यात महाराने रात्री-अपरात्री सरकारी कामाला हजर राहायचे आणि तो नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी जायचे, अशी ती व्यवस्था होती. महार आणि त्यांचे वतन या विषयावर १९२७च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी ‘बहिष्कृत भारत’मध्ये सविस्तर लेखन केले आणि १९ मार्च १९२८ रोजी १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक कायदेमंडळात मांडले. अग्रलेखातला युक्तिवाद सहा महिन्यांत विधेयकाची कलमे होऊन सभागृहात आला. ते विधेयक १९२९मध्ये त्यांना मागे घ्यावे लागले. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. आमच्या करवीर संस्थानात मात्र महाराजांनी महार वतने १९१८ सालीच रद्द करून त्या जमिनी रयतावा, म्हणजे इतर शेतकऱ्यांप्रमाणे मालकीच्या, केल्या होत्या. एवढे मोठे नाते असताना जयंतीच्या भाषणांत वतनाचा उल्लेखही येत नाही, याचे दुःख होते.

पुढची वाटचालही अशीच आहे. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या काळात त्यांचे ‘जनता’ हे वृत्तपत्र चालूच होते. १९५१मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर आणि १९५२ व १९५४ या दोन्ही लोकसभा निवडणुकांत पराभव झाल्यावरही त्यांनी वृत्तपत्राची साथ सोडली नाही. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी, प्रकृती खालावलेली असताना, ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

बिंदू चौकातला त्यांचा अर्धपुतळा ते हयात असताना, ९ डिसेंबर १९५० रोजी, कोल्हापूरचे समाजसुधारक भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने उभा राहिला. बागलांच्या घरातच ‘हंटर’ वृत्तपत्र चालत असल्यामुळे संपादकाचे कष्ट त्यांना कोणी सांगायला नको होते.

माझी आपणास विनंती आहे की, ‘बहिष्कृत भारत’मधील वतनविषयक लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत क्रमशः छापावेत. शासनाने त्या अंकांचे पुनर्मुद्रण केलेले आहे, परंतु तो जाडजूड खंड ग्रंथालयाच्या कपाटातून फारसा बाहेर येत नाही. पहिला लेख माणगाव परिषदेच्या स्मृतिदिनी, २१ मार्चला आला, तर आमच्या वाचनकट्ट्यावर आम्ही तो मोठ्याने वाचू.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर