रोजनिशी कशासाठी, ते आधी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी उजाडला की बँका, पतसंस्था आणि औषध कंपन्यांच्या डायऱ्या घरोघरी येऊन पडतात. पहिला आठवडा पाने भरभरून लिहिली जातात. मार्चपर्यंत त्याच डायरीत दूधवाल्याचा हिशेब सुरू झालेला असतो. यात आळसाचा वाटा थोडा, छापील तारखेचा मोठा. दिवसाला एक पान म्हटले की काहीच न घडलेल्या मंगळवारीही पान भरायची सक्ती. तापात चार पाने कोरी गेली की पुढे वहीला हात लावावासा वाटत नाही. आणि ज्या दिवशी खरोखर लिहिण्यासारखे असते, त्या दिवशी नेमकी जागा पुरत नाही.

‘रोज लिहावे’ असे सगळेच सांगतात. पण नंतर आपण त्या वहीत काय शोधणार आहोत, हे ठरवल्याशिवाय काय लिहायचे ते कळत नाही. रक्तदाबाची नोंद ठेवणाऱ्याला मनोगत नको. पाच मिनिटे शांत बसावे, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, दोन्ही आकडे लिहावेत. शिवाय वेळ, आणि गोळीच्या आधी की नंतर तेही. पाऊस मोजणाऱ्याने सकाळी साडेआठ ही हवामान खात्याची वेळ पाळावी आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या दिवसाच्या तारखेवर टाकावा. वेळ रोज बदलली, तर मोठ्या पावसाचे दोन दिवसांत कसेही तुकडे पडतात.

सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत कमी लिहिली जाणारी नोंद म्हणजे निर्णयाची. नोकरी सोडणे, घर घेणे, शस्त्रक्रिया करून घेणे असे काही ठरवले की त्याच रात्री लिहावे: आज कोणती माहिती हाताशी आहे, कोणते पर्याय नाकारले आणि का, वर्षभरात काय होईल असे वाटते, कशाची भीती वाटते. खाली तपासण्याची तारीख टाकावी, सहा महिने किंवा वर्षानंतरची. ही नोंद नसेल तर ‘मला आधीच वाटत होते’ असे मन बिनदिक्कत सांगते, आणि आपला त्यावर विश्वासही बसतो, कारण निकाल कळला की आधीची आठवण त्याच रंगात रंगून निघते. नंतर जुन्या मजकुरात खाडाखोड करू नये. नवे मत नव्या तारखेने खाली लिहावे. घडलेले आणि वाटलेले वेगवेगळ्या परिच्छेदांत असले, तर वर्षाने वाचताना घोळ होत नाही.

मन मोकळे करण्यासाठी लिहिणाऱ्यांबद्दल थोडेसे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, क्लेशदायक अनुभव लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातील खेपा पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी राहिल्या. लिहून झाल्यावर लगेच मात्र त्यांचे मन जास्त खिन्न होते. नंतरच्या अभ्यासांत एकूण परिणाम लहानच दिसला. म्हणून हे लेखन झोपण्याच्या तोंडावर करू नये आणि तेच दुःख महिनोन्महिने गिरवत बसू नये. त्रास वाढतच असेल तर वही मिटून डॉक्टर गाठावा.

ताज्या नोंदीची किंमत कायद्यालाही ठाऊक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर स्वतः लिहिलेला कागद पाहून साक्षीदाराला स्मृती ताजी करता येते.

साहित्याचे म्हणाल तर, धुऊन निघणारी निळी शाई ओल लागताच पसरते आणि उजेडात फिकी पडते. पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, काळी शाई टिकते. दुकानांतल्या थर्मल पावत्या काही महिन्यांत कोऱ्या होतात, म्हणून चिकटवण्याआधी झेरॉक्स काढावी. सेलोटेप नको, ती पिवळी पडून कागदावर डाग सोडते. संगणकावर लिहायचे तर युनिकोडमध्येच. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ अगम्य अक्षरांचा ढीग दिसतो. मोबाइलमधील डायरी-ॲप वापरणाऱ्यांनी मजकूर महिन्यातून एकदा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर काढून ठेवावा. ॲप बंद पडते तेव्हा फार वेळ मिळत नाही.

डायऱ्या वाटणाऱ्या संस्थांना आपल्या पत्रामार्फत एक विनंती. पुढच्या वर्षी तारखा न छापलेल्या वह्या द्या. कागद निदान ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) असावा, म्हणजे शाई पाठीमागे कमी उमटेल. बांधणी डिंकाची नको, शिलाईची हवी. पानांना क्रमांक छापा, आणि आरंभी संचालक मंडळाचे रंगीत फोटो असतात तिथली चार पाने अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडा.

आपला,
एक वाचक, पुणे