कॅमेरा दिवसा बसवता, रात्रीचं कोण बघणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात अधूनमधून बातमी असते, अमुक कॉलनीत कॅमेरे बसवले, तमुक मंडळानं वर्गणी काढून चौकात कॅमेरे लावले, नारळ फोडला, फोटो काढला. चांगलंच आहे, मी काय त्याच्या विरोधात नाही, माझ्या पण घरावर गेल्या जूनपासून दोन आहेत. पण हे बसवल्यावर रात्री घरात काय खेळ चालतो त्यावर कोण एक ओळ लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आम्ही फुलेवाडीला रिंगरोडच्या जवळ राहतो. कॅमेरा बसवायला पोरगा आला तो सकाळी अकराला. भिंतीला भोकं पाडली, वायर ओढली, मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं, "काका हात हलवा" म्हणाला, मी हात हलवला, मोबाईल टुंग करून वाजला, झालं काम. चहा पिला, पैसे घेतले, गेला. आणि दिवस मावळल्यावर जे टुंग टुंग सुरू झालं ते पहाटेपर्यंत थांबलंच नाही. सकाळी उठून मोजले तर १४३ अलर्ट. त्यात चोर एक पण नाही. सगळी किडे-पाखरं, पाऊस आणि एक कोळी.

त्या कोळ्याचं सांगतो. त्यानं बरोबर लेन्सच्या तोंडावर जाळं विणलं होतं. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेडचे दिवे लागतात, ते आपल्याला दिसत नाहीत, फार तर बारीक लालसर ठिपके दिसतात, पण कॅमेऱ्याला त्यांचा उजेड दिसतो आणि जे काय अगदी जवळ असेल ते पांढरंफक्क दिसतं. म्हणजे नखाएवढा कोळी, पण मोबाईलवर आठ पाय पसरून सगळ्या अंगणावर बसलेला. मिसेसनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा मोबाईल गादीवर फेकला. मी रोज सकाळी झाडूनं जाळं काढायचो आणि हा गडी रात्री परत हजर, वाऱ्यानं जाळं हललं की टुंग. पावसाचं पण तसंच, थेंब लेन्ससमोरनं जातो तो चकाकत्या रेघेसारखा दिसतो, आणि आपल्याकडं जुलैचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला मी काय सांगायचं, तीन-तीन दिवस तोंड दिसत नाही सूर्याचं.

पाऊस संपला, म्हटलं आता सुटलो. तर ऊसाचा सीझन सुरू झाला. रात्री-अपरात्री ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, टेप मोठ्यानं, वळणावर आला की हेडलाईटचा झोत आमच्या कंपाउंडवरनं फिरतो. टुंग. पहाटे पाचच्या आत पलीकडच्या गल्लीतल्या म्हशी दूध कट्ट्याकडं धारेला निघतात. टुंग टुंग टुंग, जेवढ्या म्हशी तेवढे टुंग. पुण्याला पोरगा असतो, त्याच्या पण मोबाईलवर ॲप आहे, त्यानं आठ दिवसांत ते म्यूट केलं, "पप्पा मला म्हशींची हजेरी नको" म्हणाला. मग मी पण म्यूट केलं. माणूस किती दिवस झोपमोड करून घेणार ओ?

आणि डिसेंबरात आमची पाण्याची मोटर गेली. कंपाउंडच्या आत, टाकीजवळची. सकाळी नळाला पाणी नाही म्हणून बघायला गेलो तर नुसते दोन बोल्ट पडलेले. मग ॲप उघडलं, तर सगळं व्यवस्थित दिसतंय, एक माणूस गेटवरनं आत आला, निवांत बसून पान्यानं मोटर खोलली, पोत्यात घातली आणि गेला. चार मिनिटं. तेवढ्यात कॅमेऱ्यानं मला तीन अलर्ट पाठवले होते. मोबाईल उशाशीच होता, मुका.

चूक माझी पण आहे, मान्य. पण मला राग त्या चोरापेक्षा पण त्या सकाळी अकराला कॅमेरा बसवून गेलेल्या पोराचा जास्त आला, कारण नंतर जे कळलं ते त्याला आधीच माहिती असायला पाहिजे होतं.

उद्यमनगरात माझ्या मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे, तिथले कॅमेरे सांभाळणाऱ्या माणसाला घरी बोलवलं. तो म्हणाला रात्री आठनंतर येतो, दिवसा येऊन काय बघू? तिथंच मी ओळखलं की ह्याला काम येतंय. त्यानं सांगितलं, साध्या कॅमेऱ्याला माणूस, म्हैस, कोळी असलं काय कळत नाही, तो फक्त मगाचं चित्र आणि आत्ताचं चित्र शेजारी ठेवतो आणि फरक पडला की ओरडतो. ढग आला तरी फरक, बल्ब लागला तरी फरक. मग त्यानं पहिलं काय केलं, तर शिडी लावून कॅमेरा खाली वाकवला. आमच्या चित्रात निम्मा रस्ता होता आणि वरनं आभाळ. रस्त्यावरचं राखायला मी काय ट्रॅफिक पोलीस आहे काय? आणि समोरच्यांच्या खिडकीवर आपला कॅमेरा रोखलेला, हे पण बरं दिसत नाही. आता गेटपासून दारापर्यंतच दिसतं. त्यातनं पण रस्त्याचा जो कोपरा उरला तो ॲपमध्ये बोटानं चौकोन पुसून अलर्टमधनं काढून टाकला. हे चौकोन ॲपमध्ये पहिल्या दिवसापासनं होते बरं का, सहा महिने मी ते उघडून बघितलंच नव्हतं.

मग माणूस ओळखायचं सेटिंग होतं ते चालू केलं, ते बंदच होतं. आता नव्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ते येतं. त्यानं म्हशी आणि पाखरं जवळजवळ बंद झाली. सेन्सिटिव्हिटी हाय वर होती ती मिडियमला आणली, एकदम तळाला नेऊ दिली नाही, म्हणाला मग चोर पण सुटतो. आणि पाखरांचा खरा इलाज म्हणजे कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवेच बंद केले आणि अंगणात सात-आठ फूट लांब एक एलईडी बल्ब रात्रभर चालू ठेवला. नऊ वॅटचा बल्ब बारा तास जळला तरी दहा दिवसाला एक युनिट. पाखरं बल्बाकडं जातात, चित्र रात्री पण रंगीत येतं, आणि कोळ्यानं जाळं केलं तरी ते पांढरंफक्क उजळत नाही. जाळं मात्र आठवड्याला पुसावंच लागतं, त्यातनं सुटका नाही.

एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, अलर्ट वेगळा आणि रेकॉर्डिंग वेगळं. लोकांना वाटतं अलर्ट कमी केले की पुरावा जाईल. तसं नाही, रेकॉर्डिंग सलग चालू ठेवायचं आणि मोबाईल फक्त माणूस आत आला तर वाजवायचा. एक एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट ह्या वेगानं, साठवलं तर दिवसाला साधारण ११ जीबी लागतं, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात पाच दिवसांचं तरी राहतं, घरगुती कामाला बास झालं.

हे सगळं झाल्यावर त्यानं मला गेटपासून दारापर्यंत चार वेळा चालायला लावलं. एकदा सरळ, एकदा भिंतीच्या कडेनं वाकून, एकदा छत्री घेऊन, एकदा रेनकोट घालून. शेजारचे गॅलरीतनं बघत होते, ह्यांना काय झालं म्हणून. छत्रीच्या वेळी कॅमेरा गप्प बसला, मग परत थोडं ॲडजस्ट केलं. दीड तास गेला सगळा मिळून.

बॅटरीवरचे छोटे कॅमेरे असतात त्यांचं थोडं वेगळं, बऱ्याच जणांत ऊब ओळखणारा सेन्सर असतो. त्याला कोळ्याचं काय देणंघेणं नसतं, पण उन्हानं तापलेली भिंत किंवा एसीचं बाहेरचं युनिट समोर आलं की तो पण फसतो. आणि तो आडवं जाणारं माणूस चटकन पकडतो, सरळ अंगावर चालत येणारं उशिरा. म्हणून तो गेटच्या बरोबर समोर नाही, बाजूला लावायचा.

तर साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की कॅमेरे बसवणाऱ्यांनी बिलात पाचशे रुपये जास्त लावा, पण अंधार पडल्यावर एकदा परत या. आणि गिऱ्हाइकानं पण ती रात्रीची फेरी होईपर्यंत निम्मे पैसे हातात ठेवावेत, गोड बोलून. आता वळीव सुरू झालाय, परवाच्या सरीनंतर दिव्यावर वाळवीची पाखरं बघितली असतील तुम्ही, घरात परातभर पंख पडले होते. ज्यांना सेटिंग बघायचं आहे त्यांनी ह्याच आठवड्यात बघून घ्या.

माझ्याकडं काल रात्रभरात दोन अलर्ट आले, एक पेपरवाला आणि एक मी, गॅसचा कॉक बंद आहे का बघायला बाहेर गेलो होतो तो. आमच्या कॉलनीचा वर्गणीतला कॅमेरा मात्र अजून शेवग्याच्या फांदीखालीच आहे, वारं सुटलं की सेक्रेटरींचा मोबाईल वाजतो, म्हणून त्यांनी पण तो म्यूट केलाय. दोनदा जाऊन सांगितलं फांदी तोडा म्हणून. ते म्हणतात शेंगा उतरू देत, मग तोडू.

आपला,
एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर