पाचटाचा कोळसा

फलटण

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

कर्ज काढून पांढऱ्या कोळशाचं, म्हणजे शेतातला काडीकचरा न जाळता दाबून कांड्या पाडणारं मशीन घ्यावं का, असं विचारलंस. माझं ऐकशील तर आत्ता नको. त्या मशीनला रोज टनावारी माल लागतो. चिपाडावर तर डोळाच ठेवू नकोस. उसाच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत चिपाड निघतं खरं, पण कारखाना ते स्वतःच्या बॉयलरला घालतो, त्यावर वीज करतो. उरलं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. हेक्टरी आठ-दहा टन, पण इतकं हलकं नि फुगीर की ट्रॉली भरलेली दिसते आणि काट्यावर काहीच भरत नाही. वाहतुकीतच सगळं जातं.

म्हणून पाचट कोळशाच्या भट्टीकडे न्यायचं नाही, भट्टीच बांधावर न्यायची. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेनं हेच केलं. २००२ साली त्यांना लंडनचा ॲशडेन हा पर्यावरणपूरक ऊर्जेचा पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. भट्टी म्हणजे मोठं पिंप. त्यात पाचट ठासून भरलेले डबे ठेवायचे आणि खाली थोडं पाचट पेटवायचं. डबे तापले की आतून वायू सुटतो, तोच पेटतो आणि पुढचं काम त्याच जाळावर होतं. जाळ विझला की कोळसा झाला. पण डबे गार झाल्याशिवाय उघडायचे नाहीत, नाहीतर हवा लागून कोळसा पुन्हा पेट घेतो नि हाती राख येते. घाई तुझा जुना रोग, म्हणून मुद्दाम लिहितोय.

चार किलो वाळल्या पाचटाचा साधारण किलोभर कोळसा, तोही भुगाच. त्यात पिठाची खळ कालवायची, चकलीच्या सोऱ्यासारख्या यंत्रातून कांड्या पाडायच्या आणि उन्हात कडक वाळवायच्या. जळताना धूर जवळजवळ नाही. तरी वहिनींना सांग, दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवायची नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, तो विषारी वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो.

आणि हो, खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक, ठेवणार असशील त्या फडातल्या पाचटाला हात लावू नकोस. ते सरीत कुजू दे, ओल धरतं, पाण्याची पाळी लांबते. खोडवा मोडायचा असेल तिथलंच उचल. तसंही तुमच्याकडे लोक अशा पाचटाला काडी लावून मोकळे होतात.

खरं घोडं पेंड खातं ते विक्रीत. पाचटाच्या कोळशाला लाकडी कोळशापेक्षा राख जास्त, आणि गिऱ्हाईक तेच पहिलं बोलतं. तेव्हा आधी एका पिंपावर माल काढ, तुमच्या स्टँडजवळच्या इस्त्रीवाल्याला नि ढाब्यावर थोडा फुकट दे. ते पैसे देऊन पुन्हा मागायला आले, तर मशीनचं बोलू. पिंप कापून देणारा वेल्डर इथे माझ्या ओळखीचा आहे, ऊसतोड संपली की ये.

तुझा,
आबा