घर विकू नका, बाकीचं मी ठरवलंय

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा गप्प होतात आणि आई 'जेवलीस का' विचारते, म्हणून लिहूनच पाठवते आहे. तुम्हाला कायमचं इकडे कॅनडात आणायच्या यादीत आपला नंबर लागायची वाट बघत आता बसायचं नाही, असं मी ठरवलंय. सुपर व्हिसाचा, म्हणजे आई-वडिलांना लांब मुक्कामाला पाहुणे म्हणून बोलवायच्या व्हिसाचा, अर्ज करायचा. विम्याचा पहिला हप्ता मी भरलासुद्धा. आणि बाबा, प्रतापनगरचं घर विकायचं नाही. बिल्डरकडून इसाराचा एक रुपयाही घेऊ नका.

रागावू नका, आधी पूर्ण वाचा. पोरीला आपण कायमचे नकोसे झालो असं मनात आणाल म्हणून सांगते, यादीतलं आपलं नाव मी काढलेलं नाही. पण त्या यादीचा इतिहास बघा. आई-वडिलांना बोलावण्याची ही योजना कॅनडा सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये बंदच केली होती, ती २०१४ ला उघडली. २०१७ पासून लॉटरी आली. २०१९ मध्ये लॉटरी बंद करून 'पहिला येईल त्याला' केलं, तर २७,००० जागा अकरा मिनिटांच्या आत भरल्या. लोक ओरडले, २०२० मध्ये पुन्हा लॉटरी. त्या वर्षी मी नाव टाकलं. त्यानंतर नवीन नावं घेतलीच नाहीत, २०२५ पर्यंत त्याच यादीतून चिठ्ठ्या निघत राहिल्या. २०२५ ला १७,८६० जणांना बोलावणं गेलं, अर्ज त्यातले १०,००० घ्यायचे होते. आपल्याला आलं नाही. पुढे येईलही, आलं तर वीस वर्षं तुमची जबाबदारी घेतो असं लिहून द्यावं लागतं, ते मी डोळे मिटून देईन. पण बाबा, अशा गोष्टीच्या भरवशावर बांधलेलं घर मोडायचं?

सुपर व्हिसावर एका खेपेला पाच वर्षं राहता येतं, जुलै २०२२ च्या आधी दोनच वर्षं होती. दहा वर्षांपर्यंतचा मिळू शकतो, मध्ये ये-जा करता येते. तरी तो पाहुण्याचाच व्हिसा. इथल्या सरकारी आरोग्य योजनेत तुम्ही बसणार नाही, म्हणून निदान एक लाख डॉलरचा विमा एक वर्षासाठी घ्यावाच लागतो. बाबांची शुगर आणि तो स्टेंट, वय वाढेल तसा विमा महाग होत जाणार. एखाद्या वर्षी कंपनी नाही म्हणाली तर? नियमच फिरला तर? त्या दिवशी परत जायला तुमच्या स्वतःच्या घराची किल्ली तुमच्या हातात हवी. मोठ्या काकांचं काय झालं ते आपण तिघांनी बघितलं, त्यावर मी काही लिहीत नाही.

म्हणून माझ्या मनात असं आहे की तुम्ही एप्रिलच्या शेवटी यायचं, म्हणजे नवतपा, मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, चुकेल, आणि दिवाळीला आपल्या घरी. थंडी इथली तुम्हाला सोसायची नाही, आईच्या गुडघ्यांना तर नाहीच. जमलं तर मधला एखादा हिवाळा राहून बघू, पण तुम्ही म्हणाल तेव्हा.

खोली खालच्या मजल्यावर केली आहे, जिना चढायचा नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा लावून घेतला, फरशीवर घसरणार नाही असा रबराचा पट्टा टाकलाय. खिडकी पूर्वेला आहे, आईच्या देवांना तिथेच जागा ठेवली. तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, सगळं मिळतं. बाबांचा चहा सकाळी साडेपाचला लागतो हे मला ठाऊक आहे, जावयांनाही सांगून ठेवलंय.

परवा रात्री एकदम आठवलं, मे महिन्यात रात्री दोनला बाबा उठून कूलरमध्ये बादलीने पाणी ओतायचे. खस भिजली की तो गार वास यायचा आणि आई झोपेतच ओल्या टॉवेलने माझे पाय पुसायची. तुमची झोप किती मोडायची हे तेव्हा कधी मनातही आलं नाही. आई, मला तुझ्या पायाशी पडून राहायचंय गं, बस्स.

आता ऐका. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागेल. दुरांतोची खालची बर्थ मी काढते, जनरलने किंवा बसने निघू नका, मुक्काम आत्याकडे. मेडिकल आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं चालत नाही, कॅनडा सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडेच करायचं, तारीख मी घेते. बाबा, शुगरची गोळी किंवा डोस बदलला तर त्याच दिवशी मला कळवा. हे लपवायचं नाही. नुकतंच औषध बदललेलं असलं तर विमा कंपनी त्या आजाराचा खर्च नाकारू शकते. आणि 'कायमचं करून देतो' म्हणत जो एजंट घरी येऊन राहिला, त्याला पाणी द्या, पैसे देऊ नका. कोणाच्या पैशाने तो नंबर वर येत नाही.

बिल्डरला शनिवारच्या आत नाही म्हणून सांगा. सांगायला जड जात असेल तर त्याचा नंबर मला पाठवा, मी बोलते. आई, दोन्ही पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो आजच पाठव. दिवसा, खिडकीजवळ काढ, मागच्या वेळी तारीख वाचता आली नव्हती.

तुमची,
छकुली