दुखतंय का, हे पुन्हा येऊन विचारा

संपादक महोदय,

राउंडच्या वेळी कॉटच्या पायथ्याशी उभं राहून ‘काय आजोबा, दुखतंय का?’ असं विचारलं, की पुण्यातले आजोबा हमखास ‘नाही, बरंय’ म्हणतात. मोठ्या डॉक्टरांपुढे कण्हायचा संकोच! पण फिजिओथेरपिस्टनं नवा बसवलेला गुडघा वाकवायला सांगितला, की दांडी धरलेली त्यांची बोटं पांढरी पडतात. वेदना मोजायची ती तेव्हा. हलताना, खोकताना, कूस बदलताना. ० ते १० मध्ये किती, ते ताप-नाडीशेजारी लिहायचं आणि औषध दिल्यावर तासाभरानं पुन्हा विचारायचं. वॉर्डात आयुष्य गेल्यावर सांगते, पहिला आकडा सापडतो, दुसरा क्वचितच. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाला तर आकडाच सांगता येत नाही. तिथं आठ्या, कण्हणं, अंग आखडून घेणं बघावं लागतं, आणि तेवढं थांबायला कुणाला वेळ नसतो.

दुसरा आकडा नसला की मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल ही ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातली वेदनाशामक औषधं अंदाजपंचे चालतात. ती जास्त झाली तर श्वास मंदावतो, आणि बहुधा त्याआधी गुंगी वाढते. नातेवाइकांना वाटतं, ‘चला, शांत झोपले एकदाचे.’ म्हणून हाक मारल्यावर रुग्ण किती सहज जागा होतो, हेही लिहायला हवं. श्वास तर छातीकडे पूर्ण मिनिटभर बघून मोजायचे असतात. सरसकट सगळ्यांचे ‘१८’ लिहून मोकळं व्हायची पद्धत कुठल्याही सिस्टरला नवी नाही! झोपेत घोरताना श्वास अडकणारे, मूत्रपिंड अधू असलेले, झोपेची गोळी घेणारे यांच्यावर तर डोळ्यांत तेल घालून लक्ष हवं. या औषधांचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन वॉर्डाच्या ट्रॉलीतच असावं, खाली फार्मसीत नव्हे.

याच शहरात कर्करोगाचे रुग्ण मात्र साध्या गोळ्यांवर रात्री काढतात. तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन हे जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्येच सांगितलं. आपल्याकडे २०१४ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांची परवान्यांची कटकट कमी झाली. वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून अशाच रुग्णांसाठी काम करतं आहे. तरी ‘मॉर्फिन लावलं म्हणजे संपलं’ ही भीती घराघरांत आहे, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरांतही.

शेवटचा मुद्दा डिस्चार्ज कार्डाचा. ट्रॅमाडॉल २०१८ पासून त्याच कायद्याखाली आहे, तरी कार्डावर नुसतं ‘एसओएस’, म्हणजे ‘गरज पडली तर’, एवढंच लिहिलेलं असतं. दिवसाला जास्तीत जास्त किती गोळ्या, किती दिवस, बंद कशी करायची, हे त्यावर मराठीत लिहून द्यावं. या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते; सोबत पोट साफ होण्याचं औषध दिलं नसेल, तर नातेवाइकांनी घरी निघण्यापूर्वी ते मागून घ्यावं.

– एक निवृत्त वॉर्ड सिस्टर, कोथरूड, पुणे