पाच आवाजांतला शोक

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

जुन्या फ्रेंच गाण्यांत चारजण एकाच वेळी वेगवेगळ्या चाली गायला लागले तर शब्द कळणार कसे, असं तू विचारलंस. एकाच गवयाच्या मागे चालायची सवय असलेल्या आपल्या कानाला हा प्रश्न पडणारच. सोळाव्या शतकातल्या फ्रेंच रचनाकारांनाही तो पडलेला होता, आणि त्याची उत्तरं त्यांच्या गाण्यांतच सापडतात.

क्लोदँ द सेर्मिसीचं सरळ आहे. पॅरिसच्या पिएर आतेन्यांने 1528 मध्ये छापलेल्या संग्रहातलं त्याचं 'तां क विव्हरे' ऐक. सगळे आवाज एकदमच अक्षर उच्चारतात, त्यामुळे क्लेमां मारोची कविता स्वच्छ ऐकू येते. जानकँ अगदी उलट्या टोकाचा. इटलीतल्या मारिन्यानोच्या 1515 च्या लढाईवरच्या गाण्यात त्याचे गायक तोंडानेच तुताऱ्या आणि नगारे वाजवतात. ऐकायला धमाल येते, पण मी पुन्हा पुन्हा वळतो ते जोस्कां दे प्रेकडे.

त्याचं 'नँफ दे ब्वा' हा विलाप आहे. ज्येष्ठ रचनाकार ओकेगेम 1497 साली वारला, तेव्हा जाँ मोलिनेने त्याच्यावर कविता लिहिली आणि जोस्कांने ती पाच आवाजांत बांधली. चार आवाज फ्रेंचमध्ये वनदेवतांना हाक मारतात, त्यांच्या सुरेल गळ्यांतून आता आक्रोश निघू दे म्हणतात. पाचवा, टेनर (पुरुषांतला वरच्या पट्टीचा आवाज), मात्र लॅटिनमध्ये मृतांसाठीची प्रार्थना गातो. लांबच लांब स्वर, कुठलीही घाई नाही. बाकीचे त्याच्याभोवती एकमेकांत गुंतत राहतात. इथे शब्द थोडे धूसर होतात, आणि ते तसेच व्हायला हवेत असं मला वाटतं. ही घट्ट वीण खुद्द ओकेगेमचीच. गेलेल्या माणसाला त्याच्याच शैलीत रडलेलं आहे.

मग दुसरा भाग येतो. टेनर थांबतो, वीण उसवते. 'शोकवस्त्रं नेसा' असं म्हणून एकेका रचनाकाराचं नाव घेतलं जातं: जोस्कां, ब्र्युमेल, पिएर्शों, कोंपेर. तुमचा बाप गेला, असं त्यांना सांगितलं जातं. आता एकही शब्द हरवत नाही. स्वतःचं नाव स्वतःच सुरात बसवताना जोस्कांला काय वाटलं असेल रे! शेवटी टेनर परत येतो आणि सगळेजण मिळून लॅटिनमध्ये ओकेगेमसाठी शांती मागतात. फ्लोरेन्समधल्या एका हस्तलिखितात तर हे सगळं गाणं काळ्या स्वरचिन्हांत लिहिलेलं आहे. कानाला त्याचा काही उपयोग नाही, गाणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र शोक उभा राहतो.

पहिल्यांदा ऐकताना फक्त टेनरला धरून राहा, बाकीचे आपोआप ऐकू येतील. आणि नावं येतात तिथे कसं वाटलं ते मला सविस्तर लिही. पुढच्या पत्रात लासूस नावाच्या रचनाकाराच्या रात्रीवरच्या गाण्याबद्दल लिहायचं आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद